ॲलन पेज: तो की ते?

गारठलेली_सई (धागाकर्ती)

सासू-सासरे पहिल्यांदाच मिनेसोटात आले आहेत. इथे पाहुणा आला की त्याला मॉल ऑफ अमेरिकात न्यावंच लागतं, कोल्हापुरात आलेल्याला रंकाळ्यावर नेतात तसं. मॉलच्या पोटात छपराखाली पाळणे, रोलर कोस्टर अशी अख्खी जत्रा भरलेली असते. त्या जत्रेत एके ठिकाणी फरशीत एक पंचकोनी पाटी बसवली आहे. लोक आइस्क्रीम चाटत तिच्यावरून जातात. आमचे बाबा थांबले. निवृत्त तलाठी आहेत, जमिनीत खूण दिसली की हद्द कुणाची हे विचारल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही.

त्यांना सांगितलं, इथे मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं, १९८१ पर्यंत तिथे सामने व्हायचे. ही पाटी म्हणजे बेसबॉलची होम प्लेट (फलंदाज उभा राहतो ती खूण) होती ती जागा. त्याच मैदानावर मिनेसोटा व्हायकिंग्ज अमेरिकन फुटबॉल खेळायचे, डिसेंबरात, उघड्यावर. नाकातला ओलावा गोठतो अशी थंडी, आणि प्रशिक्षक बड ग्रँट यांचा दंडक असा की आपल्या बाजूला हीटर ठेवायचा नाही. लक्ष खेळात हवं, शेकोटीत नको.

बोलता बोलता ॲलन पेजवर आले. म्हटलं, "तो इथे बचावफळीत खेळायचा. पुढे ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बावीस वर्षं न्यायमूर्ती होते."

बाबा म्हणाले, "भाऊ का एकमेकांचे?"

"कोण?"

"तो खेळणारा आणि ते जज्ज."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. खेळाडू आपल्याकडे कायम 'तो'. न्यायमूर्ती 'ते'. या माणसाबद्दल मराठीत लिहायचं तर सर्वनाम कुठे बदलायचं? मी 'तो'ने सुरुवात करते, पुढचं पुढे.

जन्म ७ ऑगस्ट १९४५, कँटन, ओहायो. पोलाद कारखान्यांचं गाव, आणि तिथेच व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंत खेळाडूंचं सन्मान-दालन, आहे. १९६३ मध्ये ते उघडलं. ती इमारत उभी राहत होती तेव्हा बांधकामाच्या मजुरांत एक शाळकरी पोरगा होता, ॲलन पेज. वकील व्हायचं हे त्याने चौथीतच ठरवलेलं. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल आला तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. कायद्याने काय होऊ शकतं हे तेव्हा कळलं, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. फुटबॉल ही वाटेत लागलेली गोष्ट.

ती वाट मात्र भलतीच लांब गेली. नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाकडून १९६६ चं राष्ट्रीय अजिंक्यपद. राज्यशास्त्राची पदवी. १९६७ ला व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात व्हायकिंग्जनी पहिल्याच फेरीत, पंधराव्या क्रमांकावर उचललं. तिथे चौघांची ती गाजलेली पुढची फळी जमली: कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज. जर्सी जांभळी, म्हणून नाव पडलं पर्पल पीपल ईटर्स. माणसं खाणारे जांभळे राक्षस म्हणा. त्यांचं आपसातलं ब्रीद होतं, 'क्वार्टरबॅकपाशी भेटू'. (क्वार्टरबॅक म्हणजे समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा म्होरक्या.) १९६९ च्या मोसमात १४ सामन्यांत मिळून या संघाने १३३ गुण दिले, म्हणजे सामन्याला साडेनऊ.

१९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पेजला निवडलं. तोवर तो मान बचावातल्या कुणालाही मिळाला नव्हता. आणि नंतर आजवर मिळाला तो फक्त एकाला, १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला. (तात्या धागा वाचत असतीलच, म्हणून आधीच लिहून ठेवते.) १९७१ मध्येच डेट्रॉइट लायन्सविरुद्ध पंचांनी पेजवर लागोपाठ दोन दंड ठोठावले. एरवी मैदानावर कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी भडकला, आणि पुढचे काही डाव लायन्सच्या फळीला त्याने एकट्याने उभं राहू दिलं नाही. जुनी चित्रफीत मिळाली तर पाहा. समोरच्या खेळाडूंची दया येते.

१९७८ साल मला सगळ्यात जास्त आवडतं. खेळता खेळता तो मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकत होता, आणि त्या वर्षी पदवी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मोसमाचे सहा सामने झाल्यावर, व्हायकिंग्जनी त्याला काढून टाकलं. कारण वजन. बायकोने, डायॲनने, सिगारेट सोडताना पळायला सुरुवात केली, तिच्यासोबत हाही पळायला लागला आणि पळतच सुटला. २४५ पौंडांवरून वीसेक पौंड उतरले. ग्रँट यांचं म्हणणं, या वजनावर ही जागा खेळता येत नाही. शिकागो बेअर्सनी त्याला उचललं. किंमत शंभर डॉलर. सोडलेला खेळाडू घ्यायची ठरलेली फी.

बारा मोसमांचा राबता, एक सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने), आणि पावती शंभर डॉलरची. यात मला राग येण्यासारखं काही दिसत नाही, कारण त्याच्याकडे तोवर दुसरा कागद होता. खेळ ही नोकरी आहे, आपण म्हणजे नोकरी नव्हे, असं जो आधीपासून धरून चालला होता त्याला ही पावती फार लागली नसावी.

मग मिनियापोलिसमध्ये वकिली, राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात नोकरी, १९९२ ला निवडणूक, आणि १९९३ च्या जानेवारीपासून मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९९८, २००४, २०१० पुन्हा निवडून आले. २०१५ ला सत्तर पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त.

बघा, कुठेतरी 'आले' झालं. मी ठरवून केलं नाही.

बंड्या००७

पहिला!

सईताई, फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही ना? तो अंड्याच्या आकाराचा, हाताने खेळतात तो?

बाकी 'भाऊ का एकमेकांचे' ला फुटलो.

पाटणचे_मास्तर

लेख वाचला. छान. पण मी चाळीस वर्षं शाळेच्या पोरांना कबड्डी शिकवली आहे, तेव्हा एक शंका. हा गडी नेमका करतो काय? बचावातला म्हणजे चेंडू त्याच्याकडे येतच नसणार, मग तो मोठा कसा ठरला? आमच्याकडे चढाई करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, पकड करणाऱ्याची पाठ येते. ते दुखणं तिकडेही दिसतंय.

गारठलेली_सई

मास्तर, दुखणं अगदी तेच.

डाव सुरू होतो तेव्हा मधला खेळाडू, सेंटर, चेंडू पायांमधून मागे देतो. तो स्नॅप. चेंडू मागच्या क्वार्टरबॅककडे जातो आणि त्याच्या रक्षणाला पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे. त्या भिंतीच्या मधल्या भागासमोर, एक हात जमिनीला टेकवून वाकलेला असतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. पेजची जागा ती. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मधून जाऊ द्यायचं नाही, आणि जमलं तर भिंत फोडून क्वार्टरबॅकलाच आडवा करायचा. त्याला सॅक म्हणतात.

या जागेवर बहुतेक जण म्हणजे धान्याचं पोतं. पेज १११ किलोचा, तिथे किरकोळच. त्याचं भांडवल पहिलं पाऊल. चेंडू हलला की तो निघालेला असायचा. समोरच्या भिंतीतला गडी, गार्ड, कंबर सरळ करेपर्यंत हा त्याच्या खांद्याशेजारून आत. दोघं दोघं लावायचे त्याच्यावर. आणि दोघं त्याच्यावर लागले की एलर किंवा मार्शल मोकळे.

आकडे विचाराल तर पंचाईत आहे. सॅक अधिकृतपणे मोजायला १९८२ मध्ये सुरुवात झाली आणि पेज १९८१ ला निवृत्त. म्हणून कुठे १४८.५ सापडतात, कुठे १७३. त्याने २८ किक अडवल्या हे मात्र सगळीकडे येतं. उंचीने नव्हे हो, वेळेत पोचून.

पाटणचे_मास्तर

आता कळलं. चढाईवाल्याने पाऊल टाकायच्या आत घोटा धरायचा. पण असा झटपट गडी फसतोही. शहाणा चढाईवाला त्याला मुद्दाम पाय दाखवतो.

टचडाउन_तात्या

मास्तर, अमेरिकन फुटबॉल न बघता नेमकी नस धरलीत. याला ट्रॅप म्हणतात. उतावळ्या बचावपटूला अडवायचंच नाही, आत येऊ द्यायचं, आणि पलीकडून पळत आलेल्या गार्डने त्याला बाजूने धडक देऊन दार उघडायचं. जानेवारी १९७० च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी व्हायकिंग्जना याच डावाने चिरलं. माइक गॅरेट पाच यार्डांवरून सरळ आत. २३-७ हरले. पुढे मायामीशी २४-७, पिट्सबर्गशी १६-६, ओकलंडशी ३२-१४. चार सुपर बोल, चारही हार, आणि चारही सामन्यांत पूर्वार्धात एक गुण नाही! आता गुण करणं बचावफळीचं काम नव्हे हे मान्य, पण भोपळा तो भोपळा.

सईने माझं नाव घेतलंच आहे तर घ्या. मी न्यू जर्सीत १९८४ पासून आहे. लॉरेन्स टेलर मी मैदानात बसून पाहिलाय. पेज त्याच्या जागेवर अप्रतिम खेळला, कोण नाही म्हणतो. टेलरने खेळच बदलायला लावला. तो बाहेरच्या कडेने यायचा, क्वार्टरबॅकच्या न दिसणाऱ्या बाजूने, आणि त्याला थोपवण्यासाठी संघांना आपल्या भिंतीतल्या डाव्या टोकाच्या गड्यावर (लेफ्ट टॅकल) पैसे ओतावे लागले. १९८६ ला साडेवीस सॅक. दोन सुपर बोल जिंकले. त्या कडेने येताना दिसला की आमच्या शेजारी बसलेला इटालियन म्हातारा क्रॉस करायचा, समोरच्या क्वार्टरबॅकसाठी.

बंड्या००७

तात्या, टेलरचे मैदानाबाहेरचे पराक्रम पण लिहा की.

टचडाउन_तात्या

लपवतोय कोण? ड्रग्जपायी १९८८ मध्ये निलंबित झाला. नंतरही बरंच काही. पण धागा बचावपटूवर आहे की सद्वर्तनी विद्यार्थ्यावर?

गारठलेली_सई

तात्या, १९८१ हे पेजचं शेवटचं वर्ष आणि टेलरचं पहिलं. कोण मोठं ते ठरवायचं नाही मला. दोघांनाही तो एकच मान मिळाला, आणि दोघांत साम्य शोधायला बसलं तर तेवढंच सापडतं.

हेम_शिकागो

बेअर्सचा जन्माचा (म्हणजे व्हिसाचा) चाहता, म्हणून दोन शब्द.

सई, शंभर डॉलरची गोष्ट सगळे सांगतात आणि प्रत्येक वेळी ग्रँट खलनायक ठरतात. मला ते तितकं पटत नाही. पेज तेव्हा ३३ वर्षांचा. डिफेन्सिव्ह टॅकलने मॅरेथॉनसाठी पळावं म्हणजे हिंदकेसरी होऊ पाहणाऱ्याने रोज उपास धरावा. प्रशिक्षकाला वाटणारच की हा माणूस मनाने निघून गेलाय. आणि गेलाच होता ना? कायद्याची परीक्षा, पळणं, खेळाडूंच्या संघटनेचं काम. संघटनेच्या कार्यकारिणीत होता तो, १९७४ च्या संपाच्या वेळी. मालक लोकांना ते विसरता येत नाही, हे वेगळं.

पण ग्रँट यांचा अंदाज चुकला हेही खरं. शिकागोत तो उरलेले सगळे सामने खेळला: १९७८ चे दहा आणि पुढच्या तीन मोसमांचे अठ्ठेचाळीस. एकूण कारकीर्द २१८ सामने, मध्ये एकही सुट्टी नाही. हलक्या वजनावर. आणि बेअर्स व व्हायकिंग्ज एकाच गटात, म्हणजे वर्षातून दोनदा जुन्या मालकाच्या दारात जाऊन त्यांच्या क्वार्टरबॅकला धरायचं.

१९७९ मध्ये त्याने मॅरेथॉन पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना अशी शर्यत पुरी करणारा तो पहिलाच.

गारठलेली_सई

हेम, 'मनाने निघून गेला' हे मान्य. माझं म्हणणं इतकंच की तो कधी पूर्ण आत आलाच नव्हता, आणि तरी सर्वोत्तम ठरला. आपल्याला वाटतं, रक्ताचं पाणी केल्याशिवाय, खेळ हाच श्वास मानल्याशिवाय कुणी शिखरावर जात नाही. हा माणूस वेळेवर यायचा, काम चोख करायचा, घरी जायचा. आमच्या बाबांसारखा. दप्तर बंद, कुलूप, सायकल.

वकील_जळगावचा

सईताई, मी बाकी सगळं सोडून एका शब्दावर अडकलोय. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती *निवडून* आले? म्हणजे प्रचार, पोस्टर, मतदान? आमच्याकडे तालुका बार असोसिएशनच्या निवडणुकीत इतकी धुळवड होते की न्यायाधीशांच्या निवडणुकीचा विचार करूनच घाम फुटला.

अवांतर: फुटबॉलपटू न्यायमूर्ती आणखी एक होते. बायरन व्हाइट. ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, १९६२ ते १९९३. ते मात्र चेंडू घेऊन पळणारे, अडवणारे नव्हेत. पेज बाकावर बसले त्याच साली व्हाइट उतरले.

गारठलेली_सई

वकीलसाहेब, हो, मतदान. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आहे. मिनेसोटात न्यायाधीशाची मुदत सहा वर्षं, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. पण व्यवहार वेगळाच. न्यायाधीश मुदतीच्या अधेमधे निवृत्त होतात, गव्हर्नर आपल्या पसंतीचा माणूस नेमतात, आणि पुढच्या निवडणुकीला तो 'विद्यमान' म्हणून उभा राहतो. विद्यमानाला कोण हरवणार? त्यामुळे मोकळी जागा मतदारांपुढे येतच नाही.

१९९२ मध्ये हेच घडत होतं. एक न्यायमूर्ती निवृत्तीला आलेले, त्यांच्या जागेची निवडणूक व्हायची होती. गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्यांना मुदतवाढ दिली, म्हणजे निवडणूक टळली. पेज यांनी त्यावर थेट दावा लावला. आता गंमत बघा, दावा ऐकणार कोण? ज्या न्यायालयातल्या खुर्चीचा वाद तेच न्यायालय. म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले, दुसरे न्यायाधीश बसवून सुनावणी झाली, आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. निवडणूक घ्या. घेतली. हे जिंकले.

नियमाचं पुस्तक उघडून स्वतःसाठी दार करून घेतलं.

वकील_जळगावचा

वा! याला म्हणतात पक्षकार. असा एखादा अशील आला तर फी निम्मी घेईन.

(निम्मी म्हणजे पूर्ण माफ नाही.)

मुक्ता_वाचते

छान चाललाय धागा. मी मिनियापोलिसमध्ये शाळेत शिकवते, म्हणून शिक्षणाचा भाग मी लिहिते. सईने तो गाळलाय आणि माझ्या मते खरा माणूस तिथे आहे.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. म्हणजे ज्या इमारतीवर पोरवयात राबले तिथेच पंचवीस वर्षांनी पुतळा. तिथे प्रत्येकाची ओळख करून द्यायला कुणीतरी असतं, बहुतेक जुना प्रशिक्षक किंवा जोडीदार. पेज यांनी विलारीन बीझली यांना बोलावलं, मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि भाषण केलं ते फुटबॉलवर नाहीच. मुलांना वाचता येत नाही आणि तरी आपण त्यांना मैदानावर टाळ्या वाजवतो, हा सूर. तो पट्टीचा प्रेक्षकवर्ग सामन्याच्या आठवणी ऐकायला आला होता!

त्याच वर्षी नवरा-बायकोने पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती. पण एक अट. पैसे घेणाऱ्याने ठरलेले तास लहान मुलांना शिकवायचं. माझ्या वर्गात अशी मुलं येतात. तिसरीतल्या पोराशेजारी वीस वर्षांचा मुलगा गुडघे दुमडून छोट्या खुर्चीत बसतो, आणि भागाकार समजावता समजावता त्याला स्वतःलाच तो नव्याने समजतो. मी चेहरे बघितलेत.

२०१७ मध्ये इथल्या अलेक्झांडर रॅमसी शाळेचं नाव बदलून जस्टिस पेज मिडल स्कूल झालं. रॅमसी हे जुने गव्हर्नर, १८६२ मध्ये डकोटा या मूळनिवासी लोकांचा नायनाट करा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकला म्हणणारे. नाव बदलायची मागणी मुलांनीच लावून धरली होती.

आता माझी तक्रारही लिहिते, नाहीतर आरती होईल. २०२० मध्ये पेज आणि नील कश्करी यांनी (हो, मिनियापोलिस फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष, काश्मिरी आईवडिलांचे चिरंजीव) राज्यघटनेतलं शिक्षणाचं कलम बदलायचा प्रस्ताव आणला. दर्जेदार शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क करा. ऐकायला झकास. पण आत्ताच्या कलमात सरकारने सगळीकडे सारख्या सार्वजनिक शाळा चालवायच्या हे बंधन आहे, ते सैल होईल आणि खाजगी शाळांकडे पैसा वळवायला वाट मिळेल, ही शिक्षक संघटनेची भीती मला खरी वाटते. न्यायालयात भांडून हक्क मिळतो यावर त्यांचा फार विश्वास, कारण त्यांना मिळाला. माझ्या वर्गातल्या आईबापांना वकील परवडत नाही.

गारठलेली_सई

मुक्ता, हे मला लिहिता आलं नसतं. धन्यवाद. त्या दुरुस्तीच्या बाबतीत मी अजून कुंपणावर आहे.

एक राहिलं. गुलामगिरीच्या आणि नंतरच्या वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू दोघांनी वर्षानुवर्षं जमवल्या. 'फक्त गोऱ्यांसाठी' छापाच्या पाट्या वगैरे. २०१८ मध्ये मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मी बघायला गेले ते उत्सुकतेने आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन बाकावर बसले. अशी पाटी घरात ठेवायची, रोज बघायची, याला कसलं मन लागत असेल.

त्याच वर्षी डायॲन गेल्या. आणि नोव्हेंबरात प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

बंड्या००७

ते ट्रम्पच्या हातून ना? घेतलं कसं काय यांनी?

गारठलेली_सई

तेव्हा इथेही हाच प्रश्न विचारला गेला. पदक देशाचं असतं. बंड्या, काडी टाकू नकोस.

पाटणचे_मास्तर

सर्वनामाचं राहिलंच की. माझं मत, १९७१ पासून 'ते'. आपल्या कामात जो अव्वल तो 'ते', मग तो न्याय देवो की घोटा धरो.

टचडाउन_तात्या

मग टेलरलाही 'ते' म्हणायचं?

पाटणचे_मास्तर

म्हणा की.

टचडाउन_तात्या

जीभ वळत नाही हो. आवडत्या खेळाडूला 'ते' म्हटलं की तो लांब जातो. आम्ही गावस्करला आजही 'तो'च म्हणतो.

वकील_जळगावचा

कायदेशीर उत्तर: पद स्वीकारल्याच्या दिवसापासून. जानेवारी १९९३. पूर्वलक्षी प्रभाव नाही.

हेम_शिकागो

माझ्यासाठी कायम 'तो'. शंभर डॉलरला घेतलेला आमचा गडी आहे.

गारठलेली_सई

मी एकदा पाहिलंय प्रत्यक्ष, म्हणून सांगते. ट्विन सिटीज (मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) मॅरेथॉन ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. नवरा पळत होता, मी त्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सुरुवातीच्या मैलांवर कुडकुडत उभी. तळ्याकडच्या घरांच्या रांगेतून भों, भों असा आवाज येत होता. वाटलं कुणाची गाडी अडकली. पुढे जाऊन बघते तर रस्त्याकडेला उंच, सडपातळ गृहस्थ अंगाभोवती ते भलंमोठं पितळी वाद्य गुंडाळून, गाल फुगवून वाजवतायत. सूझाफोन, ट्यूबाचा भाऊ. सूर यथातथाच. पळणारे हात वर करतात, हे मान हलवतात, फुंकर थांबत नाही. शेजारची बाई म्हणाली, दर वर्षी असतात, जस्टिस पेज.

शर्यत संपते ती सेंट पॉलला विधानभवनापाशी. न्यायालयाची इमारत तिथेच शेजारी.

बाबांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी विचारलं, "बँडवाला तिसरा भाऊ का?" आता मुद्दाम करतात.

बंड्या००७

दंडवत बाबांना.

सईताई, कुठेतरी वाचलं की त्यांची एक करंगळी वाकडी आहे. खरं का?

गारठलेली_सई

खरं. डावी. खेळताना मोडली ती तशीच राहिली, जवळजवळ काटकोनात बाहेर. हात वर केला की चार बोटं एकीकडे, करंगळी दुसऱ्या गावाला. लहान मुलं नेमकी तीच बघतात, म्हणून मुलगी केमी हिच्यासोबत त्यांनी त्या करंगळीवरच मुलांचं पुस्तक लिहिलं. केमी स्वतः शिक्षिका. मुक्ताच्या शाळेत असेल ते.

मुक्ता_वाचते

आहे. दोन प्रती. दोन्हींची मुखपृष्ठं सुटलीत.

पाटणचे_मास्तर

माझीही डावी करंगळी अशीच आहे. १९७४, इस्लामपूर, जिल्हा अजिंक्यपद, उपांत्य सामना. वैद्याने ओढून बसवली, ती वाकडी बसली. फोटो कसा टाकायचा इथे?

बंड्या००७

मास्तर, प्रतिसादाच्या चौकटीवर चित्राचं बटण आहे बघा. करंगळीने दाबू नका.